डीपी एक, सोलर दहा: गल्लीचं व्होल्टेज कसं सांभाळायचं

जानेवारीत आमच्या गल्लीत रोज एकच प्रकार व्हायला लागला. दुपारचे बारा, कडक ऊन, आभाळात एक ढग नाही, आणि नेमकं त्याच टायमाला लाईनच्या टोकाला राहणाऱ्या नानांचा सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) लाल दिवा दाखवून बंद. दीड-दोन मिनिटांनी परत चालू, परत बंद, असं तीन वाजेपर्यंत. नाना म्हणे पॅनल खराब निघाले, पॅनल बसवणारा म्हणे लाईटचा प्रॉब्लेम आहे, वायरमन म्हणे पावर तर ओके आहे. मी ३३ केव्ही सबस्टेशनला बरीच वर्षं ऑपरेटर म्हणून काढली म्हणून शेवटी मला बोलावलं. बघितलं तर तिघंही खोटं बोलत नव्हते, पॅनल चांगले होते, लाईटही होती, फक्त व्होल्टेज २५६ होतं. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-सावदा पट्ट्यातल्या कितीतरी गावांत आता घरोघर सोलर बसून राहिले, पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी मिळते म्हणून तीन किलोवॅट तर सर्रास, तेव्हा हे दुखणं आज ना उद्या सगळ्यांच्या गल्लीत येणार. म्हणून काय बघायचं, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही ते सविस्तर लिहितो.

आधी व्होल्टेज वाढतं का ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपल्या डीपीत, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) येतं आणि बाहेर ४३३ व्होल्ट निघतं, म्हणजे एका फेजला (तीन चालू तारांपैकी एकीला) २५०. डीपी मुद्दामच तसा बनवलेला असतो, कारण लोड चालू असला की डीपीत आणि तारेत व्होल्टेज पडतं आणि टोकाच्या घराला २३० च्या आसपास मिळतं. हे गणित मांडलं तेव्हा वीज एकाच दिशेने जायची, डीपीकडून घराकडे. आता दुपारी घरात पंखा एखादा चालू, बाकी बाया-माणसं वावरात, पोरं शाळेत, आणि छतावर पाच किलोवॅट तयार होऊन राहिले, ती वीज उलटी तारेत शिरते. उलटी ढकलायची म्हणजे इन्व्हर्टरला तारेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवावंच लागतं. पाण्याच्या पाईपात उलटं पाणी चढवायला जास्त प्रेशर लागतं ना, तसंच.

किती जास्त, त्याचा हिशोब करून दाखवतो. पोलवरून जाणारी वीझल नावाची अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, तिचा रेझिस्टन्स एका किलोमीटरला साधारण ०.९ ओहम. डीपीपासून घर ३०० मीटर, म्हणजे फेजचे ०.२७ आणि न्यूट्रलचे (परतीच्या तारेचे) ०.२७ मिळून जवळजवळ ०.५५ ओहम. सिंगल फेजवर ५ किलोवॅट म्हणजे २२ अँपिअरच्या आसपास. गुणाकार करा, १२ व्होल्ट आले. डीपीवर दुपारी २४४ असेल तर नानांच्या घरी २५६. आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की इन्व्हर्टरने २ सेकंदांत लाईनपासून सुटायचं, २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. परत जोडायच्या आधी सगळं स्थिर होऊन किमान ६० सेकंद जावे लागतात. इन्व्हर्टर नियमाप्रमाणेच वागत होता आणि नानांचे दिवसाचे पाच-सहा युनिट फुकट जात होते.

आता मोजायला लागा. पोलला, डीपीला, मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, स्वस्त असतो, तो एक डीपीजवळच्या घरात, एक मधल्या आणि एक टोकाच्या घरात लावा. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्येही ग्रीडचं व्होल्टेज दिसतं. सकाळी ९, ११, दुपारी १, ३ आणि रात्री ८, असे पाच वेळचे आकडे आठ दिवस वहीत लिहा, शेजारी ऊन की ढग, मोटर चालू की बंद तेही लिहा. हे काम एखाद्या दहावी-बारावीच्या पोरीला किंवा पोराला द्या, मोठ्यांपेक्षा जास्त नियमित करतात असा माझा अनुभव आहे.

वही भरली की तीन प्रकार ओळखता येतात. फक्त दुपारी वाढतं आणि टोकाला जास्त वाढतं, तर ते सोलरचं. दिवस-रात्र सगळ्याच घरांत जास्त असेल तर ते डीपी किंवा सबस्टेशनचं, टॅप (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायची खिट्टी) बदलायला लागेल, मोठ्या डीपीला टॅप असतो, छोट्याला बहुतेक नसतो, मग सबस्टेशनवरच बघावं लागतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. एका घरात १८० आणि शेजारच्या घरात २७०, कुणी मिक्सर लावला की दुसऱ्याचा बल्ब भगभगीत होतो, तर तो न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला आहे. तिथे वही-बिही भरत बसू नका, मेन स्विच बंद करा, लगेच १९१२ ला फोन लावा, वायरमनला सांगा. अशात टीव्ही-फ्रीज तर जळतातच पण शॉक लागून माणूस जातो.

सोलरचंच दुखणं निघालं की पहिलं काम फेज वाटून घेणं. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच पडत नाही, आणि खर्च म्हटला तर जवळजवळ शून्य. आमच्या गल्लीत दहा सोलरपैकी सात एकाच फेजवर निघाले. कारण साधं, त्या फेजला पूर्वी व्होल्टेज चांगलं मिळायचं म्हणून ज्याने त्याने सांगून-सवरून आपली सर्विस वायर तिथे घेतली. कोणतं घर कोणत्या फेजवर आहे ते कळायला पोलवर चढायची गरज नाही, एखाद्या दिवशी डीपीवरचा एक फ्यूज जातोच, तेव्हा कुणाकुणाकडे अंधार झाला ते लिहून घ्या, असं दोन-तीनदा झालं की गल्लीचा पूर्ण नकाशा तयार. मग तो नकाशा घेऊन वायरमनभाऊंकडे जा, ते रीतसर लाईन बंद करून दोन-तीन सर्विस दुसऱ्या फेजवर घेतील. तिन्ही फेजवर सोलर सारखा वाटला गेला की न्यूट्रलमधला करंट एकमेकांत जिरतो आणि व्होल्टेजची वाढ निम्म्यावर येते.

आणि ज्यांचा सोलर अजून बसायचा आहे, पाच किलोवॅट किंवा जास्त, आणि घर लाईनच्या टोकाला आहे, त्यांनी सरळ थ्री फेज मीटर आणि थ्री फेज इन्व्हर्टर घ्यावा. वरचाच हिशोब परत करा: ५ किलोवॅट तीन फेजमध्ये वाटले की एका फेजला ७ अँपिअर, न्यूट्रल मोकळा, म्हणून ०.२७ ओहमच धरायचा, वाढ फक्त २ व्होल्ट. तीच तार, तेच पॅनल, १२ चे २ झाले. इन्व्हर्टर थोडा महाग पडतो, मीटरचा स्थिर आकारही बदलतो, तरी टोकाच्या घराला तो खर्च परवडतो.

दुसरं काम म्हणजे लोड उन्हात आणणं. याच्यावर लोक माझ्याशी वाद घालतात. म्हणतात नेट मीटर आहे, दुपारचे युनिट जमा होतात, रात्री वापरू, वर्षाचा हिशोब मार्चअखेर होतो, मग दुपारीच वापरायची सक्ती कशाला. भाऊ, बिलावर युनिट जमा होतात हे खरं, पण तारेत काही जमा होत नाही. तुमची दुपारची वीज त्याच क्षणाला कुणीतरी वापरावीच लागते, गल्लीत नाही तर गावात, गावात नाही तर सबस्टेशनपलीकडे, आणि जितकी लांब जाईल तितकी तारेत तापून वाया जाते. शेजारच्या घरातच खपली तर व्होल्टेजही चढत नाही.

गावात खपवायला जागा भरपूर आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची मोटर. १५ एचपीची मोटर साधारण १२ किलोवॅट ओढते, म्हणजे तीन-तीन किलोवॅटच्या चार छतांची वीज ती एकटी पिते, आणि थ्री फेज असल्याने तिन्ही फेजवर आराम. पहाटे पाचला टाकी भरायची जी सवय आहे ती बदलून अकरा ते दोन भरा, पाणी सोडायचं टायमिंग तेच ठेवा, लोकांना फरकही कळणार नाही. लाखोंची बॅटरी घ्यायच्या आधी गावची टाकी ही बॅटरीच आहे असं समजा. नंतर पिठाची गिरणी, गिरणीवाल्या आप्पांना सांगा की दळण सकाळी जमा करा आणि दुपारी दळा. केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर किंवा कोल्ड रूम असेल त्यांनी दुपारी दोन डिग्री जास्त थंड करून ठेवावं आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालवावा, फक्त केळीला थंडी लागून साल काळी पडणार नाही एवढं तापमान सांभाळा, म्हणजे चेंबरवाल्याला विचारूनच. घरात वॉशिंग मशीन, इस्त्री, गिझर, घरघंटी, इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग. ताई लोक म्हणतील दुपारी आम्ही वावरात असतो, बरोबर आहे, म्हणून मशीनला डिले स्टार्ट असतो तो वापरा किंवा गिझरला टायमर लावा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी बाहेरच्यांना सुचत नाही. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ डिग्री, सगळ्यांना वाटतं तेव्हाच सोलर जोरात आणि तेव्हाच त्रास. तसं नाहीये. पॅनल २५ डिग्रीला मोजलेला असतो, उन्हाळ्यात तोच पॅनल ६५-७० ला तापतो आणि प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटतो, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच गेली, वरून घरोघरी कूलर चालू असल्याने जी बनते ती खपतेही. खरा त्रास डिसेंबर ते फेब्रुवारी, ऊन स्वच्छ, पॅनल थंड, कूलर बंद. टाकीचं आणि गिरणीचं टायमिंग दिवाळीनंतर लगेच बदलून घ्या.

आता जे करायचं नाही ते. बसवणाऱ्याने नानांना सुचवलं होतं की इन्व्हर्टरची सेटिंग बदलून देतो, २५३ चं २७५ करतो, मग ट्रिप होणार नाही. मी तिथल्या तिथे थांबवलं. नानांचा इन्व्हर्टर चालू राहिला असता पण त्याच फेजवरच्या सगळ्या घरांत २६०-२७० गेलं असतं, फ्रीजचे कॉम्प्रेसर, एलईडी, मोबाईलचे चार्जर सगळं हळूहळू गेलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं की का जातंय. इन्व्हर्टरला देशाची सेटिंग भारतच असली पाहिजे, ती तपासून घ्या. मात्र नवीन इन्व्हर्टरमध्ये दुसरी चांगली सोय असते, व्होल्टेज वाढायला लागलं की एकदम बंद व्हायच्या ऐवजी तो थोडी-थोडी वीज कमी करतो. ती सोय कंपनीच्या माणसाकडून रीतसर चालू करून घ्या. पाचाऐवजी चार किलोवॅट दिले तरी चालतं, शून्यापेक्षा बरं. पॉवर फॅक्टरची (ओढलेल्या करंटपैकी किती कामाला येतो त्याचं माप) सेटिंगही असते पण गल्लीच्या बारीक तारेवर तिचा फायदा कमी, तिच्या फार मागे लागू नका.

वावरातल्या डीपीचं वेगळं. तिथे व्होल्टेज चढण्यापेक्षा पडायचं दुखणं जास्त, आणि त्याला कारण दोन, कॅपॅसिटर नाही आणि ऑटोस्विच आहे. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा, साडेसातला ३ चा कॅपॅसिटर लावला आणि पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९५ ला आला तर तेच पाणी २० टक्के कमी करंटमध्ये निघतं. वीस मोटरींच्या डीपीवर हिशोब करा म्हणजे डीपी का जळतो ते कळेल. कॅपॅसिटर स्टार्टरच्या पुढे मोटरीच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटर बंद की तोही बंद, नाहीतर रिकाम्या लाईनवर तो उलटं व्होल्टेज चढवतो. आणि ऑटोस्विच. लाईट आली की वीसच्या वीस मोटरी एका सेकंदात उठतात, प्रत्येकीचा सुरुवातीचा करंट चालू करंटच्या पाच-सहा पट, डीपीचा फ्यूज राहीलच कसा. काढून टाकला तर उत्तम, पण केळीच्या कांदेबागेला पाणी द्यायचं आणि मोटर तीन किलोमीटरवर, माणूस काढत नाही हे मलाही माहीत आहे. मग निदान डिले टायमर लावा आणि आपसात वाटून घ्या, पहिल्याचा एक मिनिट, दुसऱ्याचा दोन, तिसऱ्याचा तीन. आमच्याकडे एका डीपीवर शेतकऱ्यांनी वर्गणी काढून हे केलं आणि पूर्ण उन्हाळ्यात डीपी उतरवावा लागला नाही. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीमधून जिथे सोलरचे फीडर होऊन राहिले तिथे दिवसा पावर मिळते, रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत बारं द्यायला जावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. अशा फीडरवर तर दुपारीच मोटर चालवा, सकाळी साडेसहाला ऊन नसतं तेव्हा ती वीज बहुतेक कोळशाचीच असते.

हे सगळं गल्लीपुरतंच आहे असं समजू नका. देशाची सगळी ग्रीड एकाच ठोक्यावर चालते, ५० हर्ट्झ, आणि ठरवून दिलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५. बनवलेली वीज आणि वापरलेली वीज क्षणाक्षणाला सारखी असावी लागते. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद केले होते, आठवतं ना, तेव्हा देशाची मागणी एकदम ३१ हजार मेगावॅटने खाली आली होती, जलविद्युत केंद्रांनी झपाट्याने वीज कमी-जास्त केली म्हणून ग्रीड उभी राहिली. आणि २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तिथे व्होल्टेज चढत गेलं, एकामागे एक केंद्रं सुटत गेली, आणि प्रत्येक सुटलेल्या केंद्रामागे व्होल्टेज अजून चढलं. व्होल्टेज चढलं म्हणून सुटणं हे नानांच्या इन्व्हर्टरसारखंच, फक्त दोन देशांच्या मापाचं.

आपल्याच खान्देशात बघा. भुसावळजवळ दीपनगरच्या कोळशाच्या वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि ६६० चा एक. दुपारी सोलर वाढला की कोळशाच्या संचांना खाली यावं लागतं, पण ते ५५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ५०० चा संच २७५ पर्यंत, बंद करून टाकता येत नाही कारण सूर्य मावळला की दोन तासांत तोच परत लागणार. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर आहे आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. पावसाळ्यात ढगांनी सोलर पडतो तेव्हा वारा जोरात असतो, एक दुसऱ्याला सांभाळून घेतो. पण संध्याकाळी सहा ते दहा या वेळेला मात्र उन्हाळ्यात-हिवाळ्यात कुणीच मदतीला नसतं. म्हणून संध्याकाळचं लोड जितकं कमी कराल तितका भार कमी. २०२३ च्या केंद्राच्या नियमांतही सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचं म्हटलं आहे, दिवसा वापरणाऱ्याचा फायदा पुढे वाढतच जाणार.

बॅटरी घ्यायची का, हे सगळेच विचारतात. आधी वरचं सगळं करा. तरीही टोकाला व्होल्टेज राहिलं किंवा संध्याकाळी लाईट फार जात असेल तर हायब्रीड (बॅटरी जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. सेटिंग मात्र नीट करा. बहुतेक ठिकाणी बॅटरी सकाळी नऊलाच भरायला लागते आणि साडेअकराला फुल, मग बारा वाजता परत सगळी वीज लाईनवर. चार्जिंग साडेदहा-अकरानंतर सुरू होईल असं ठेवा, डिस्चार्ज साडेसहानंतर. बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तिथे तिचं आयुष्य निम्मं होईल, घरात सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. ज्यांचं छत नवीन भरायचं आहे त्यांनी काही पॅनल पश्चिमेकडे तोंड करून लावले तर एकूण युनिट थोडे कमी येतात पण चार-पाच वाजेपर्यंत चांगली वीज मिळते आणि बाराचा डोंगर कमी होतो.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नका. लाईट गेली की साधा ऑनग्रीड (बॅटरीशिवाय, लाईनला जोडलेला) सोलर आपोआप बंद होतो, होत नसेल तर तो धोकादायक आहे, कारण वायरमन लाईन बंद समजून पोलवर चढलेला असतो. तुमचा कसा आहे ते मेन स्विच पाडून एकदा बघा. जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच पाहिजेच, दोन्ही बाजूंना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणं म्हणजे दुसऱ्याचा जीव घेणं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरते, मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

शेवटी अर्ज. तोंडी तक्रार टिकत नाही. गल्लीच्या सगळ्या सोलरवाल्यांनी मिळून एकच अर्ज लिहा, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक आणि किती किलोवॅट ते टाका. मागण्या तीनच ठेवा: सोलर तिन्ही फेजवर वाटून द्या, डीपीचा किंवा सबस्टेशनचा टॅप तपासा, टोकाकडची बारीक तार जाड करा किंवा मध्ये नवीन डीपी द्या. सोबत फेजचा नकाशा आणि वहीच्या आठ दिवसांच्या पानांची झेरॉक्स. आमच्या अर्जावर इंजिनिअर साहेबांनी ती पानं बघूनच माणूस पाठवला, चार सर्विस हलवल्या, टाकीचं टायमिंग आम्ही आधीच बदललं होतं, आणि फेब्रुवारीत नानांच्या घरी दुपारी एकचा आकडा २४६ आला. अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासकट घ्यायला विसरू नका.